साकळलेल्या रक्ताचा प्रश्न

१९४० सालच्या हिवाळ्याच्या तोंडाशी, लंडन शहरावर रात्रीमागून रात्री बाँबवर्षाव होत असताना आणि हजारो नागरिक आश्रयस्थानांत जीव मुठीत धरून बसत असताना, कीथ सिम्प्सन नावाच्या न्यायवैद्यकाच्या असे नजरेस आले की, ज्यांच्या अंगाला बाँबची साधी कपचीही लागलेली नव्हती अशी काही माणसे आश्रयस्थानातून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात एकाएकी कोसळून मरत होती आणि त्यांच्या शवविच्छेदनात फुप्फुसाच्या रोहिणीत रक्ताची गुठळी अडकलेली आढळत होती. आदल्या वर्षीच्या त्याच काळाशी ताळा करून पाहता अशा मृत्यूंची संख्या सुमारे सहापट भरली. कारणाचा शोध घेता तो येऊन थांबला कापडी घडीच्या आरामखुर्चीपाशी. रात्रभर त्या खुर्चीत अवघडून बसल्यामुळे तिची पुढची लाकडी आडपट्टी मांडीच्या मागील बाजूस रुतत होती आणि पायांतून वर चढणारे रक्त तेथेच तुंबून राहत होते. माणसांना बसवून ठेवू नका, आडवे होण्यासाठी फळ्यांची बाके द्या, अशी शिफारस सिम्प्सनने केली.

या हकीकतीतील दोन गोष्टी नोंदण्यासारख्या आहेत. मेलेली माणसे आजारी नव्हती, त्यांच्या रक्तात कोणते विष भिनलेले नव्हते; ती केवळ पुष्कळ वेळ निश्चल होती. ही झाली एक. दुसरी गोष्ट अशी की, संशयास्पद मृत्यूंची प्रेते नियमाने ज्याच्यापुढे येत आणि ज्याच्या दप्तरी मागील वर्षाचे आकडे तयार होते असा मनुष्य त्या शहरात नसता, तर हे सारे मृत्यू ‘भीतीने हृदय बंद पडले’ अशा मोघम शेऱ्याखाली निकालात निघाले असते. नीलांत रक्त साकळण्याचा विकार शोधणाऱ्याला सापडतो आणि न शोधणाऱ्याच्या लेखी तो जणू अस्तित्वातच नसतो. त्याची कारणे, त्याचे धोके आणि त्यावरील इलाज यांचा विचार करताना, आणि विशेषतः आपल्या देशातील त्याच्या कैफियतीचा विचार करताना, ही गोष्ट दृष्टीआड होऊ देता कामा नये.

रोहिण्यांतील रक्त हृदयाच्या प्रत्यक्ष रेट्याने धावते. नीलांतून परतणाऱ्या रक्ताच्या पाठीशी तो रेटा जवळजवळ उरलेला नसतो. उभ्या माणसाच्या घोट्यापासून छातीपर्यंतची चढण ते चढते, त्याचे श्रेय मुख्यत्वे पोटरीच्या स्नायूंना द्यावे लागते. चालताना हे स्नायू आवळले की त्यांच्यामधून जाणाऱ्या खोल नीला पिळल्या जाऊन रक्त वर ढकलले जाते, आणि नीलांच्या आतल्या झडपा ते पुन्हा खाली उतरू देत नाहीत. पादुआ येथील फाब्रिसिउसने १६०३ मध्ये या झडपांचे सविस्तर वर्णन केले होते; परंतु त्या तेथे कशासाठी आहेत याचा उलगडा व्हावयास त्याच्या हार्वे या शिष्याचा १६२८ मधील ग्रंथ यावा लागला. मजेची गोष्ट ही की, जी झडप रक्ताला मागे येऊ देत नाही, तिच्याच पाठीमागच्या खोबणीत, स्नायू स्वस्थ असताना, रक्त संथपणे घुटमळत राहते, तेथील प्राणवायू कमी होतो आणि गुठळीचा पहिला कण बहुधा तेथेच धरतो. गुठळी पोटरीतच राहिली तर पुष्कळदा शरीर तिचा आपोआप बंदोबस्त करते. ती वाढत गुडघ्यामागे, मांडीत आणि ओटीपोटात पोचली म्हणजे मात्र नीला बंद होऊन पाय सुजतो, आणि तिचा एखादा तुकडा सुटला की तो हृदयाच्या उजव्या कप्प्यातून थेट फुप्फुसात जाऊन अडकतो. या दुसऱ्या घटनेला वैद्यकाच्या परिभाषेत अंतर्कीलन म्हणतात, आणि माणूस दगावतो तो बहुधा तिच्यामुळे.

पायातील गुठळी आणि फुप्फुसातील गुठळी या एकाच दुखण्याच्या दोन अवस्था होत, हे आज सहज लिहून जाता येते. पण ही गोष्ट सिद्ध करण्याचे काम बर्लिनमधील रुडोल्फ फिर्खोने केले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, आणि तेही प्रचलित मताविरुद्ध उभे राहून. त्या काळी पॅरिसच्या क्रुव्हेलिएची अशी शिकवण होती की नीलेचा दाह हेच सर्वाचे मूळ. फुप्फुसात गुठळी दिसली तर ती तेथल्या दाहाने तेथेच झालेली असावी, असे मानले जाई. फिर्खोने कुत्र्यांच्या मानेतील नीलांमध्ये रबराचे व इतर पदार्थांचे तुकडे सोडून ते फुप्फुसांत जाऊन बसतात हे दाखविले, आणि दूरच्या नीलेतील गुठळीची तुटकी कड व फुप्फुसात सापडलेल्या तुकड्याची कड एकमेकांशी जुळवून पाहिली. प्रवाहाचे मंदावणे, रक्तवाहिनीच्या भित्तीची इजा आणि रक्ताची गोठण्याकडे वाढलेली प्रवृत्ती हे कारणांचे त्रिक त्याच्या नावाने आज प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. १८५६ च्या त्याच्या ग्रंथात ते अशा सूत्ररूपाने आलेले नाही, उत्तरकालीनांनी ते तसे बांधले. पण विचार त्याचाच असल्यामुळे नावाबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पुढच्या शतकाने जे जे शोधून काढले ते सगळे या तीन खणांपैकी कोठल्या तरी खणात बसते.

प्रसूत स्त्रियांच्या बाबतीत तर हे तिन्ही खण एकदम भरलेले असतात. गर्भाशयाच्या भाराने ओटीपोटातील नीला दबतात, प्रसूतीच्या वेळी त्यांच्या भित्तीला इजा पोचते, आणि रक्तस्रावाने माता दगावू नये म्हणून निसर्गानेच गरोदरपणात रक्ताची गोठण्याची शक्ती वाढवून ठेवलेली असते. डाव्या नीलेवरून उजवी रोहिणी आडवी जात असल्यामुळे गरोदर स्त्रीच्या पायातील गुठळी बहुतकरून डाव्या पायातच होते. युरोपात शतकानुशतके बाळंतिणीचा पाय सुजून पांढराफटक पडला की अंगातले दूध पायात उतरले, असे निदान होई आणि त्यावर रक्त काढण्याचा उपचार होई. १८२० नंतरच्या दशकात लंडनच्या डेव्हिड डेव्हिसने शवविच्छेदन करून मांडीच्या नीला गुठळ्यांनी भरलेल्या दाखविल्या, तेव्हा दुधावरचा आळ उठला. मात्र बाळंतिणीला कित्येक दिवस खाटेवरून उठू न देण्याचा शिरस्ता त्यानंतरही शंभर वर्षे चालला.

आपल्याकडे या प्रकरणाला एक निराळे वळण आहे. हिंदुस्थानातील मज्जाविकारांच्या इस्पितळांतून, विशेषतः बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेतून, जे अहवाल गेल्या पन्नास वर्षांत बाहेर आले, त्यांत बाळंतपणानंतर मेंदूच्या नीलांत रक्त साकळलेल्या तरुण स्त्रियांची संख्या पाश्चात्त्य वैद्यांना थक्क करणारी होती. प्रसूतीनंतर आठ-पंधरा दिवसांत असह्य डोकेदुखी, झटके, अर्धांग, भ्रम, अशी लक्षणे असलेली ही दुखणी पूर्वी ‘बाळंतरोग’ या सर्वसमावेशक सदराखाली, किंवा बाहेरची बाधा म्हणून, नोंदीविनाच संपत असली पाहिजेत. रक्तक्षय आणि जंतुसंसर्ग यांच्या जोडीला एका संशयित कारणाकडे बोट दाखविले जाते, ते म्हणजे बाळंतिणीला पाणी मोजून देण्याची चाल. पाणी प्याले की पोट सुटते, हा समज महाराष्ट्रातील घराघरांतून आजही पुरता गेलेला नाही. वर बंद खोली आणि शेक-शेगडी. अंगातले पाणी आटले की रक्त घट्ट होणार, हा तर्क सरळ आहे, परंतु ही चाल आणि हे दुखणे यांचा कार्यकारणभाव काटेकोर मोजमापाने सिद्ध झालेला नाही, हेही सांगितले पाहिजे. तांब्याभर पाणी जवळ ठेवण्यास मात्र त्या सिद्धतेची वाट पाहण्याचे काही प्रयोजन दिसत नाही. अलीकडे इस्पितळातील प्रसूती वाढल्यापासून ही दुखणी उतरणीला लागली आहेत, असे मज्जाविकारतज्ज्ञ सांगतात.

बाळंतिणीखालोखाल धोका शस्त्रक्रियेच्या टेबलावर. आपण होऊन दुखणे दाखविणाऱ्या रुग्णांच्या पलीकडे किती गुठळ्या मुकाट्याने होतात आणि जातात, याचा पहिला खरा हिशेब ज्यांनी मांडला त्यांत लंडनच्या किंग्ज कॉलेज इस्पितळातील, परंतु हिंदुस्थानात जन्मलेले, शल्यवैद्य विजय कक्कर यांचे नाव अग्रभागी येते. किरणोत्सर्गी आयोडीन लावलेले फायब्रिनोजेन हे गोठणप्रथिन टोचून आणि रोज पायांवरून किरणमापक यंत्र फिरवून त्यांनी १९६९ मध्ये दाखविले की, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्क्यांच्या पायांत गुठळी होते. यांतील बहुतेकांना त्याची गंधवार्ताही नसते, आणि एक-तृतीयांशाहून अधिक गुठळ्या तीन दिवसांत विरूनही जातात. त्या मुळात होऊच नयेत म्हणून काय करावे, याचे उत्तर १९७५ मध्ये आले. अनेक देशांतील ४,१२१ शस्त्रक्रिया-रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करण्यात आली. एका गटाला शस्त्रक्रियेपूर्वी दोन तास आणि पुढे दर आठ तासांनी हेपारिनची ५,००० युनिटांची लहानशी मात्रा त्वचेखाली देण्यात आली. औषध न मिळालेल्या गटात फुप्फुसातील गुठळीने १६ जण दगावले. औषध मिळालेल्या गटात २. शल्यवैद्यकात इतक्या स्वस्त आणि सोप्या उपायाने इतके जीव वाचल्याची उदाहरणे फार नाहीत. औषध द्यावयाच्या आधी रक्तस्रावाची भीती वाटणे स्वाभाविक आहे, आणि थोडाफार जादा रक्तस्राव झालाही. पण तराजूचे पारडे कोणीकडे झुकते हे त्या दिवशी ठरून गेले.

कर्करोगाशी असलेले या विकाराचे नाते पॅरिसच्या आर्मां त्रूसोने १८६५ च्या व्याख्यानात सांगितले. कारण न सापडता नीलांत पुनःपुन्हा रक्त साकळत असेल तर शरीरात कोठेतरी कर्क दडलेला असण्याचा संशय धरावा, असे त्याचे प्रतिपादन होते. १८६७ च्या आरंभी त्याच्या स्वतःच्याच अंगावर गुठळी उमटली. आपले निदान त्याने आपणच केले आणि त्याच वर्षी तो जठराच्या कर्करोगाने वारला. तथापि कारणाविना गुठळी झालेल्या प्रत्येकाच्या अंगाची नखशिखांत यंत्रतपासणी करून कर्क धुंडाळण्याने आयुष्य वाढते, असे काही दिसून आलेले नाही. वयाला साजेशा नेहमीच्या तपासण्या आणि लक्षपूर्वक घेतलेली हकीकत एवढे पुरते. बाकीचा खर्च बहुधा रुग्णाच्या खिशातून भीतीच्या खाती जमा होतो.

संततिनियमनाच्या गोळ्यांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. १९६१ मध्ये इंग्लंडातील एका डॉक्टराने अशी गोळी घेणाऱ्या परिचारिकेच्या फुप्फुसात गुठळी झाल्याचे कळविले. पुढील संशोधनाने दोष गोळीतील इस्ट्रोजेनाच्या मात्रेकडे गेला, आणि त्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये ५० मायक्रोग्रॅमहून अधिक मात्रेच्या गोळ्या टाळण्याची शिफारस झाली. आजच्या गोळ्यांत ती मात्रा पुष्कळ कमी आहे, तरी धोका शून्य नाही. गरोदर नसलेल्या आणि गोळी न घेणाऱ्या दर १०,००० तरुण स्त्रियांमागे वर्षाला १ ते ५ जणींना हा विकार होतो. गोळी घेणाऱ्यांत सुमारे ३ ते १२ जणींना. गरोदरपणात ५ ते २० जणींना. आणि प्रसूतीनंतरच्या आठवड्यांत हेच प्रमाण वर्षाच्या हिशेबाने ४० ते ६५ पर्यंत चढते. हे आकडे शेजारी-शेजारी ठेवून वाचावयाचे असतात. नुसती पहिली दोन प्रमाणे ऐकून ज्या बाईने घाबरून गोळी टाकली आणि तिला दिवस गेले, तिने लहान धोका देऊन मोठा धोका पदरात घेतला. मात्र जिला पूर्वी गुठळी झाली आहे, किंवा जिच्या आई-बहिणीला तरुणपणी झाली आहे, तिने ही गोळी औषधाच्या दुकानातून परस्पर आणू नये. लांबच्या विमानप्रवासाविषयी वर्तमानपत्रांत इतके लिहून आले आहे की येथे एवढेच पुरे : धोका खरा, पण लहान, तो बसण्याचा आहे, विमानाचा नव्हे, आणि रात्रभर आराम-बसमध्ये पाय दुमडून बसणाऱ्या प्रवाशालाही तो लागू आहे. सियाचीनसारख्या अतिउंच ठाण्यांवर दीर्घ काळ राहणाऱ्या जवानांत गुठळ्यांचे प्रमाण वाढते हे लष्करी वैद्यांनी दाखविले आहे. तेथे विरळ हवेने घट्ट झालेले रक्त, थंडी आणि तंबूतील बैठक ही सगळी कारणे एकत्र येतात.

आनुवंशिक प्रवृत्तीचा शोध १९६५ मध्ये नॉर्वेतील एका कुटुंबापासून सुरू झाला, त्यांच्या रक्तात गोठण्याला आवर घालणारे अँटिथ्रॉम्बिन कमी होते. पुढे प्रथिन सी व प्रथिन एस यांची न्यूनता सापडली, आणि १९९४ मध्ये हॉलंडातील लेडन शहरात पाचव्या गोठणघटकातील तो दोष हाती लागला, जो युरोपीय वंशाच्या सुमारे ५ टक्के लोकांत असतो आणि आपल्याकडे त्या मानाने बराच कमी आढळतो. पुणे परिसरातील पुरुषांच्या एका पाहणीत, जिचा वृत्तान्त डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला, ६७ टक्क्यांत ब-१२ जीवनसत्त्व कमी आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन वाढलेले निघाले. होमोसिस्टीन वाढले की गुठळीचा धोका थोडा वाढतो, असे निरीक्षण आहे. पण जीवनसत्त्वे देऊन ते उतरविल्याने पुढची गुठळी टळते, असे प्रयोगांत ठरले नाही. ब-१२ ची उणीव भरून काढण्यास इतर सबळ कारणे आहेत, तेव्हा ती भरावीच. गुठळीवरचा उपाय म्हणून मात्र तिची जाहिरात होऊ नये. आमचे स्पष्ट मत असे की, या आनुवंशिक तपासण्यांचा आज जो सुळसुळाट झाला आहे, त्यांतील पुष्कळशा निरर्थक असतात. त्या गुठळीच्या ऐन भरात किंवा औषध चालू असताना केल्या जातात, तेव्हा त्यांचे आकडे विश्वासार्ह नसतात, आणि अहवाल कसाही आला तरी उपचारात सहसा काडीचाही फरक पडत नाही. अपवाद आहे तो फॉस्फोलिपिड-विरोधी प्रतिपिंडांचा. तेथे औषधाची निवडच बदलते.

आता ज्या समजाने आपल्याकडे सर्वांत जास्त नुकसान केले त्याकडे वळू. हा गोऱ्या लोकांचा रोग आहे, उष्ण हवेत आणि शाकाहारी शरीरात तो होत नाही, अशी धारणा हिंदुस्थानातील शल्यवैद्यांच्या पिढ्यांनी बाळगली. वंशपरत्वे काही फरक आहे, हे खरे. परंतु तो किती आहे हे मोजण्यापूर्वीच त्याचा निष्कर्ष काढला गेला. चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत १,००० प्रौढ मृतांची शवविच्छेदने तपासली, तेव्हा सुमारे १६ टक्के प्रेतांच्या फुप्फुसांत गुठळ्या निघाल्या, आणि त्यांपैकी बहुसंख्य रुग्णांत हयातीत तसा संशयही आलेला नव्हता. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाने १९९६ ते २००५ या दशकाची दप्तरे चाळली आणि दर १०,००० भरती रुग्णांमागे सुमारे १७ जणांत हा विकार पक्का झाल्याचे नोंदविले. ३२ देशांतील इस्पितळांची जी पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्या भारतीय भागात असे दिसले की, भरती रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांना गुठळीचा धोका होता आणि धोका असलेल्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांनाच शिफारशीप्रमाणे प्रतिबंधक उपचार मिळाला. साऱ्या देशांत मिळून हे प्रमाण सुमारे निम्मे होते. हेपारिनच्या १९७५ मधील प्रयोगाला त्या वेळी तेहतीस वर्षे झाली होती.

मोजणीचाच प्रश्न कोविडच्या साथीत निराळ्या रूपाने पुढे आला. फुप्फुसे आणि नीला गुठळ्यांनी भरण्याची त्या रोगाची खोड २०२० मध्ये लक्षात आली आणि हेपारिन प्रत्येक वॉर्डात पोचले. त्यानंतर पुण्यात सिरम संस्थेत तयार होणाऱ्या कोविशील्ड लसीवर शंकेची छाया आली, कारण तिच्या युरोपीय भावंडामुळे फार थोड्या लोकांत, बिंबाणू घटून मेंदूच्या व पोटाच्या नीलांत रक्त साकळत होते. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या समितीने जाहीर केले की, दर दहा लाख मात्रांमागे अशा संभाव्य घटनांचे प्रमाण ०.६१ आहे; ब्रिटनने तेच प्रमाण ४ आणि जर्मनीने १० सांगितले होते. आपल्याकडे धोका कमी असेलही. पण नोंदीचा दर आणि घटनेचा दर यांत अंतर असते, आणि ज्या देशात गावोगाव सोनोग्राफीची सोय नाही तेथे ते किती मोठे असेल याचा अंदाज करणे कठीण नाही. लसीने टळलेल्या मृत्यूंच्या मानाने हे सारेच आकडे क्षुल्लक होते, हे मात्र वादातीत आहे.

निदानाची कला गेल्या तीस वर्षांत पुष्कळ सुधारली. एकच पाय सुजणे, पोटरी दुखणे, कातडी गरम आणि तांबूस होणे; किंवा एकाएकी धाप लागणे, श्वासासरशी छातीत कळ येणे, खोकल्यातून रक्त पडणे, भोवळ येणे, ही लक्षणे ठरलेली, पण त्यांपैकी एकावरही विसंबता येत नाही. पाऊल वर उचलून पोटरीत दुखते का पाहण्याची होमान्सची जुनी खूण तर नाणेफेकीहून फारशी भरवशाची नाही, असे आढळले. म्हणून आता कॅनडातील वेल्स यांनी बांधलेल्या गुणपद्धतीने आधी संशयाची तीव्रता ठरवितात. संशय कमी असेल तर डी-डायमर ही रक्ताची चाचणी करतात आणि ती निर्दोष आली की प्रकरण तेथेच मिटते. संशय बळकट असेल तर सरळ पायाचे डॉप्लर किंवा छातीचे सी.टी. करतात. डी-डायमर वाढलेले आले म्हणजे गुठळी आहेच असे नाही. ताप, गरोदरपण, वार्धक्य, शस्त्रक्रिया, कशानेही ते वाढते. कोविडच्या दिवसांत घरोघरी ते तपासून लोकांनी जी घबराट करून घेतली ती या एका गोष्टीच्या अज्ञानामुळे.

उपचाराचा पाया १९६० मध्ये ब्रिस्टल येथे बॅरिट आणि जॉर्डन यांनी घातला. फुप्फुसात गुठळी झाल्याचा संशय असलेल्या रुग्णांपैकी १९ जणांना गोठणरोधक औषध न देता ठेवले, त्यांतील पाच जण गुठळीने मेले आणि आणखी पाच जणांत ती पुन्हा उद्भवली. औषध दिलेल्या १६ जणांत गुठळीने एकही मृत्यू झाला नाही. तेवढ्यावर औषध न देण्याचे सत्र बंद करावे लागले. इतक्या लहान प्रयोगावर एवढी मोठी इमारत उभी असल्याचे उदाहरण विरळा. पण त्यानंतर औषध न देण्याचे धाडस कोणी करणेही शक्य नव्हते. त्यांनी वापरलेली दोन औषधे होती हेपारिन आणि निकूमालोन. यांतील दुसरे असेनोकूमारॉल या नावाने आपल्या इस्पितळांतून आजही रोज लिहिले जाते.

हेपारिन १९१६ मध्ये बाल्टिमोर येथे जे मॅक्लीन या विद्यार्थ्याच्या हाती लागले, तो शोधत होता रक्त गोठविणारे द्रव्य. दुसऱ्या औषधाच्या कुळाची जन्मकथा गोठ्यातली आहे. १९२० नंतर उत्तर अमेरिकेतील गुरे ‘गोड क्लोव्हर’चा कुजलेला चारा खाऊन रक्तस्रावाने मरू लागली, हे गवत आपल्या शेतात तण म्हणून उगवणाऱ्या रानमेथीच्या गोतातले. १९३३ च्या फेब्रुवारीत एक शेतकरी हिमवादळातून मेलेली कालवड, दुधाच्या बरणीत न गोठलेले रक्त आणि तो चारा घेऊन विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंककडे आला. सहा वर्षांनी लिंकच्या प्रयोगशाळेत त्या चाऱ्यातील डायकूमारॉल वेगळे झाले. त्याचे एक भावंड १९४८ मध्ये वॉरफरिन या नावाने उंदीर मारण्यासाठी बाजारात आले, आणि १९५५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांना, आयझेनहॉवर यांना, हृदयविकाराच्या झटक्यानंतर तेच देण्यात आले. ही औषधे के जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणतात, म्हणून मात्रा रुग्णागणिक बदलते आणि आय.एन.आर. हा गोठण्याचा निर्देशांक २ ते ३ च्या दरम्यान राखण्यासाठी वारंवार रक्त तपासावे लागते. ‘पालेभाजी बंद’ हा यावरचा प्रचलित हुकूम चुकीचा आहे. मेथी, पालक, शेपू जेवढी नित्य खाण्यात असेल तेवढीच नेमाने असावी, एका आठवड्यात तीनदा आणि पुढच्या आठवड्यात शून्य असे होऊ नये.

एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. यांपैकी कोणतेही औषध झालेली गुठळी विरघळवीत नाही. ते तिची वाढ थांबविते; विरघळविण्याचे काम शरीर आपल्या गतीने करते, काही अंशी, काही महिन्यांत. विरघळविणारी औषधे निराळी असतात आणि ती फुप्फुसातील प्रचंड गुठळीने रक्तदाब कोसळलेल्या रुग्णासाठी राखून ठेवणेच इष्ट, कारण त्यांनी मेंदूत रक्तस्राव होण्याची जोखीम असते. पायातील गुठळीत नळी घालून ती विरघळविली तर पुढचे दुखणे टळेल, अशी मोठी आशा होती. ६९२ रुग्णांवरील २०१७ च्या अमेरिकी प्रयोगाने ती बरीचशी मावळली. ओटीपोटातील मोठ्या नीलेत जाळी बसविण्याचा उपाय फुप्फुसात जाणाऱ्या गुठळ्या कमी करतो, पायांतल्या वाढवितो आणि एकंदर मृत्यू कमी करीत नाही. गोठणरोधक देणे अशक्यच असेल तेव्हापुरता तो ठीक. गुठळी झालेल्याला आठवडाभर खाटेला खिळवून ठेवण्याची जुनी रीत तर निखालस सोडून द्यावी. औषध सुरू झाले की चालणे हानिकारक नाही.

गेल्या दोन दशकांत डाबिगाट्रान, रिव्हारॉक्साबान, अपिक्साबान अशा गोळ्या आल्या. त्यांना रक्त-तपासणीची गरज नाही, आहाराची बंधने नाहीत, आणि मेंदूतील रक्तस्राव वॉरफरिनहून कमी. आपल्या देशात त्यांच्यावरील एकाधिकार संपून देशी कंपन्यांचा माल आल्यापासून किंमतही पुष्कळ उतरली. ज्या गावातून आय.एन.आर. तपासायला एस.टी.ने तालुक्याला जावे लागते, तेथील रुग्णाच्या दृष्टीने हा फरक थोडाथोडका नाही. गर्भिणी, कृत्रिम झडप बसविलेले रुग्ण आणि वर उल्लेखिलेल्या प्रतिपिंडांचे रुग्ण यांना मात्र त्या चालत नाहीत. मूत्रपिंडे अशक्त असतील तर विचार करून द्याव्या लागतात.

औषध सुरू करणे सोपे, थांबवावे केव्हा हा खरा पेच. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर झालेली गुठळी असेल तर तीन महिने पुरतात. कारण न सापडलेल्या गुठळीत औषध थांबविल्यावर वर्षभरात सुमारे १० टक्के, पाच वर्षांत २५ टक्के आणि दहा वर्षांत ३६ टक्के रुग्णांत ती पुन्हा होते. उलट औषध चालूच ठेवले तर दरवर्षी शंभरातील एक-दोघांना मोठा रक्तस्राव होतो. या दोन संख्यांपैकी आपल्याला कोणती सोसेल, याचा फैसला वैद्याने एकट्याने करावयाचा नसून, पडण्याची भीती, कामाचे स्वरूप, गोळ्यांचा खर्च, सारे रुग्णाशी बोलून करावयाचा असतो. सहा महिन्यांनंतर अपिक्साबानची अर्धी मात्रा पुनरावृत्ती टाळते आणि रक्तस्राव फारसा वाढवीत नाही, असे २०१३ मध्ये दिसून आल्यापासून हा पेच काहीसा सैल झाला आहे.

आणि गुठळी बरी झाली तरी पाय पूर्ववत होतोच असे नाही. झडपा बिघडल्यामुळे २० ते ५० टक्के रुग्णांचा पाय दिवसाअखेरीस जड होतो, सुजतो, कातडी काळवंडते आणि काहींच्या घोट्याजवळ वर्षानुवर्षे न भरणारा व्रण पडतो. दाबाचे मोजे घातल्याने ही अवस्था टळते, असे सांगितले जाई. ८०० हून अधिक रुग्णांवरील २०१४ च्या कॅनडातील प्रयोगात खोटे मोजे आणि खरे मोजे यांत फरक निघाला नाही. सूज आणि ठणक यांना मोज्याने आराम पडत असेल तर तो जरूर घालावा. आमच्या बाह्यरुग्ण विभागांतून मात्र असा व्रण घेऊन येणाऱ्या माणसाला बहुधा मलमपट्टी मिळते. तुझा पाय पूर्वी कधी सुजला होता का, बाळंतपणात की हाड मोडले तेव्हा, हे विचारणारा क्वचित भेटतो, आणि केसपेपरवर त्यासाठी रकानाही नसतो.